मूळची फार्गो

माझ्या सासुरवाडीच्या परड्यात कोंबड्यांचं एक खुराडं आहे. त्याला छप्पर म्हणून एक फुगीर, नाकाडासारखा पुढे आलेला पत्रा होता. लग्न झाल्यापासून ३१ वर्षं मी तो बघत होतो. कोंबड्यांच्या डोक्यावर एवढा डौल कशाला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. जावयाने सासरी जेवणाखेरीज कशात लक्ष घालू नये, या मताचा मी आहे. चार वर्षांपूर्वी ऐन गणपतीत मेहुण्यांनी त्या पत्र्यावरची घाण नारळाच्या शेंडीने घासून काढली. खालून इंग्रजी 'ए' आणि 'आर' अशी दोन अक्षरं निघाली आणि मेहुण्यांचा आवाज कापरा झाला.

"दाजी, हे आजोबांच्या फार्गोचं बॉनेट. मी तिला पुन्हा उभी करणार."

मी म्हणालो, "बरं."

माझा गुन्हा एवढाच. पण पुढे पैशांचा विषय निघाला की बायको सांगायची, "तुम्हीच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत."

आजोबांनी ही फार्गो १९५३ साली घेतली. गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापुरात शाहूपुरीच्या पेठेत पोचवायचे आणि येताना पेंड, मीठ आणि स्टँडवर ताटकळलेले पाहुणे आणायचे, असा तिचा दिनक्रम. घरात तिचा एकच फोटो आहे, काळापांढरा. फेटा बांधलेले आजोबा पायरीवर एक पाय ठेवून उभे आहेत आणि ट्रकपेक्षा तेच जास्त चकचकीत दिसताहेत.

फार्गो, डॉज आणि डिसोटो ही एकाच ट्रकची तीन नावं, हे मला या भानगडीत कळलं. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीने आपल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांना वेगवेगळं नाव विकायला मिळावं म्हणून केलेली ती सोय होती. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ही भावंडं बाहेर पडू लागली. तोंडावरची अक्षरं सोडली तर तिघांत फरक शोधावा लागे. एकाच ताग्यातलं लुगडं तीन जावांनी नेसावं आणि तरी प्रत्येकीने आपलंच सूत बारीक म्हणावं, तसलं ते प्रकरण. आमच्या सासरचे लोक अजूनही 'डॉज' हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारतात.

१९७१ च्या सुमाराला फार्गो थकली. आता ती गेली कुठे, याचा तपास करताना मेहुण्यांना जे सापडलं त्याने मी तरी थक्क झालो. ती कुठे गेलीच नव्हती. सगळी गावातच होती, फक्त एका जागी नव्हती. तिच्या इंजिनाने पुढे काही वर्षं गुऱ्हाळाचा चरक फिरवला आणि तिथेच देह ठेवला. हौद्याच्या सागवानी फळ्या थोरल्या चुलत्यांच्या माळ्याला लागल्या होत्या. मागचा फाळका गोठ्यात गव्हाणीला आडवा होता. कमानपाट्यांचं पोलाद उत्तम म्हणून लोहाराने त्यांचे कोयते केले, आणि ज्या उसाचा गूळ फार्गोने आयुष्यभर वाहिला तो ऊस पुढे दहा-पंधरा वर्षं फार्गोनेच तोडला. स्टिअरिंगचं चाक माडीवर खुंटीला होतं. दर उन्हाळ्यात सासूबाई त्यावर शेवया वाळत घालत. मी त्या शेवया दूध-गूळ घालून खाल्ल्या आहेत. त्यांना ग्रीसचा वास नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि चेसी? चेसीची दोन्ही चॅनेलं ओढ्यावर आडवी टाकून, वर शहाबादी फरशा मांडून गावाने त्यांचा साकव केला होता.

साकव काढायला शेजाऱ्यांचा विरोध होता. त्यांची म्हैस रोज त्यावरून पलीकडच्या रानात जाते. मेहुण्यांनी त्यांना वारसा, आठवणी, आजोबांचा आत्मा वगैरे समजावून सांगितलं. शेजारी शांतपणे ऐकून म्हणाले, "आत्मा न्या की. लोखंड ठेवा." शेवटी ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून, वर स्लॅब ओतून द्यायचं ठरलं. खर्च ३८,००० रुपये. मेहुण्यांनी हिशेबासाठी शंभर पानी वही घातली होती. तिच्यातली पहिली नोंद 'म्हैस: ३८,०००' अशी आहे. वर्षभराने ती वही माझ्या मेहुणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हाती लागली, तेव्हा पहिल्या ओळीवरच एवढं भांडण पेटलं की पुढची पानं कुणी वाचलीच नाहीत. त्या दृष्टीने म्हैस स्वस्तात पडली.

साकव उचलला तेव्हा उजवं चॅनेल हातात आलंच नाही, ओढ्यातच राहिलं. डावं मात्र जाड शेवाळाखाली शाबूत होतं. तारेच्या ब्रशने घासल्यावर त्यावर ठोकलेला नंबर निघाला. आजोबांच्या ट्रंकेतलं आर.सी. बुक आणून मेहुण्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी चॅनेलवर बोट ठेवत गेलो. सगळे आकडे जुळले. तेव्हा मात्र, खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. लगेच ओढ्याकाठच्या डासांनी तो उतरवला.

मेहुण्यांनी ही विद्या मोबाइलवर मिळवली होती. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. पन्नाशीच्या दशकातल्या पिकअपची केबिन उचलायची, शेव्हरोलेच्या एस-१० नावाच्या अलीकडच्या छोट्या पिकअपच्या चेसीवर ठेवायची आणि पुढे व्ही-एट इंजिन सोडायचं. शेव्हरोलेने १९५५ साली काढलेलं आठ सिलिंडरचं इंजिन तर तिकडे शेजारणीकडून आणलेल्या विरजणासारखं आहे. कुठल्याही दुधाला लागतं. व्हिडिओ वीस मिनिटांचा असतो. सुरुवातीला गवतात गंजलेली केबिन, शेवटी डांबरी रस्त्यावर धुरळा. मध्ये कुठे तरी 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी येते आणि जाते. आमची चार वर्षं त्या पाटीच्या आत गेली.

मेस्त्री भेटले ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथे एखाद्या माणसाला तुम्ही तुटलेला दात दाखवलात तरी तो आधी व्हर्निअर लावून मापं घेईल. एका गल्लीत लेथ, दुसरीत ओतकाम, तिसरीत बोअरिंग आणि चहाच्या टपरीवर चौथीतले सगळे. आमचे मेस्त्री सत्तरीचे. डोक्यावर टोपी, कानावर खडूचा तुकडा. त्यांनी अख्खी यादी ऐकली. एक चॅनेल, एक बॉनेट, एक फाळका, एक स्टिअरिंग, दोन अक्षरं.

"आणि?" मेस्त्री म्हणाले.

"आणि आर.सी. बुक," मेहुणे म्हणाले.

मेस्त्र्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला. "आवं, मग काय राह्यलं? गाडी हाय की."

या माणसाला आम्ही दोन वर्षं सांभाळलं की त्यांनी आम्हाला, हे अजून ठरायचं आहे.

केबिन, पुढचा एक्सल आणि उजवं चॅनेल मिळालं सांगलीच्या वाटेवर एका शेतात. तिथे एक डॉज बाभळीखाली कुजत पडली होती. मालक म्हणाले, "चाकं तुम्हीच सोडवून न्या." उजव्या अंगाच्या चाकाचे नट थोड्या खटपटीने सुटले. डाव्या चाकाचा एकही हलेना. मेहुणे पान्यावर उभे राहिले. मग पान्याला चार फुटी पाइप लावून दोघेही उभे राहिलो. मी वजनदार माणूस आहे, तरी नट ढिम्म. डिझेल सोडलं, हातोडीने ठोकलं, मालकाच्या मुलाने नवसाला नारळ सुचवला. मेस्त्री बाभळीखाली बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते. दोन तासांनी त्यांनी टरफलं झटकली आणि विचारलं, "घट्ट करायचं संपलं का सोडवायचं हाय?"

झालं होतं असं, की क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट ढिले पडू नयेत, ही त्यामागची काळजी. म्हणजे जगातला प्रत्येक नट ज्या दिशेला सुटतो त्या दिशेला हा आवळतो. आम्ही दोन सुशिक्षित माणसं दोन तास घाम गाळून ते चाक आणखी घट्ट करत होतो. "मग आधी का नाही सांगितलंत?" मेहुणे ओरडले. मेस्त्री म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई. आन् मला वाटलं, उलटं म्हाईत असंल. शिकलेली मानसं."

त्याच गाडीने विजेतही आम्हाला तसंच खेळवलं. तिचा सगळा संसार सहा व्होल्टवर, आणि बॅटरीचं अर्थिंग धन टोकाला. मी इतिहासाचा माणूस, मला त्यातलं काही कळलं नाही. पण पहिल्या दिवशी भोंग्याने जो आवाज काढला तो ऐकून खुराड्यातला कोंबडा नंतर दोन दिवस आरवला नाही. शेवटी सगळी वायर काढून बारा व्होल्टची टाकली.

इंजिन आलं ट्रॅक्सचं. आमच्या भागात ट्रॅक्स म्हटलं की वडाप. वडाप म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. नऊ जणांच्या गाडीत सोळा जण, दोन करडं आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा एक क्लीनर बसला की गाडी सुटते. त्याआधी सुटत नाही. आमचं इंजिन अशा एका वडापने सोळा वर्षं वापरून सोडलेलं होतं. पण ट्रॅक्सच्या त्या २.४ लिटर डिझेल इंजिनाचा मूळ परवाना मर्सिडीजचा. ही माहिती हाती लागली त्या दिवसापासून मेहुण्यांचं बोलणं बदललं. पेंडेच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, एका मयतीला सुद्धा ते सहज म्हणायचे, "आपल्या गाडीला मर्सिडीजचं इंजिन आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं यांनी मर्सिडीज घेतली. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकलेला असताना असला समज पसरू देणं बरं नव्हे, हे मी त्यांना सुचवून पाहिलं.

ट्रॅक्सचं इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स, आणि मागे महिंद्राच्या जुन्या जीपचं हाउसिंग. रेडिएटर ट्रॅक्टरचा. हेडलाइट प्रीमियर पद्मिनीचे. त्यावर मेहुण्यांचं म्हणणं, की पद्मिनीही कुर्ल्याच्याच कारखान्यातली, म्हणजे हे परके नव्हेत, चुलतभाऊ. सीट एस.टी.च्या लिलावातलं, तिघांचं. त्याच्या पाठीवर कुणी तरी खिळ्याने बदाम कोरून आत दोन अद्याक्षरं लिहिली आहेत. मेहुण्यांनी सीटचं रेक्झिन बदललं नाही. मी कारण विचारलं तर लाजले.

या सगळ्या पाहुण्यांना एका पंगतीला बसवायचं काम मेस्त्र्यांचं. इंजिनाचे पाय चेसीला बसेनात, दांड्याचा क्रॉस हाउसिंगच्या फ्लँजला जुळेना. तिथल्या भोकांची संख्या एक, इथल्या भोकांची दुसरी. मेस्त्री जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, त्यात ठिपके द्यायचे, वर चपलेचा कोपरा ठेवून म्हणायचे, "एवढी जाड." पोरगं त्याचा मोबाइलवर फोटो काढून पळायचं. तिसऱ्या दिवशी दोन गल्ल्यांपलीकडून ओतीव लोखंडाची, लेथवर साफ केलेली चकती यायची आणि बसायची. चपलेच्या जाडीइतकीच. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नसलेले असे अकरा भाग आज त्या गाडीत आहेत. ते पुन्हा लागले तर त्यांचा नंबर काय, असं मी विचारलं. मेस्त्र्यांनी आपल्या पायातल्या चपलेकडे बोट दाखवलं. "ही जपून ठेवतो."

मेस्त्री चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेले आणि मेहुण्यांना स्वतंत्र बुद्धी सुचली. जीपच्या हाउसिंगला कमानपाटे बसायच्या बैठका खालच्या अंगाला असतात, कारण जीपचे पाटे एक्सलच्या खालून जातात. फार्गोचे पाटे एक्सलच्या वर. बैठका कापून वरच्या अंगाला वेल्ड करायच्या, असं मेस्त्री सांगून गेले होते. मेहुण्यांनी विचार केला, कापाकापी कशाला? हाउसिंगच उलथं केलं की खालच्या बैठका आपोआप वर. त्यांनी आणि त्या पोराने चेनब्लॉकला टांगून ते धूड तव्यावरच्या भाकरीसारखं उलथलं. पाटे चपखल बसले. मेहुण्यांनी मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मेस्त्र्यांचे दोन दिवस वाचवले.'

मेस्त्री कपाळाला गुलाल घेऊन परतले त्या संध्याकाळी पहिली चाचणी ठरली. सगळं घर अंगणात. मेहुणीने चाकांखाली लिंबू ठेवले. इंजिन एका हाकेत सुरू झालं. वडापचंच ते, थांबायची सवय त्याला कमी. मेहुण्यांनी पुढच्या गर्दीला "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून हात केला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि फार्गो मोठ्या दिमाखात मागे गेली. मेहुण्यांना वाटलं गिअर चुकला. त्यांनी दुसरा टाकला. ती जास्त वेगाने मागे गेली. पुढे उभं राहून हात जोडणारी माणसं सुखरूप होती. मागे निवांत रवंथ करणाऱ्या दोन शेळ्या मात्र दावं तोडून पळाल्या. गाडी उकिरड्यात मागच्या चाकांनी बसली तेव्हा इंजिन बंद पडलं आणि अंगणात एवढी शांतता झाली की लिंबू फुटल्याचा वासही ऐकू आला असता.

मेस्त्र्यांनी उकिरड्यात उतरून खाली वाकून पाहिलं. हाउसिंगच्या पोटातलं मोठं क्राउन व्हील पिनियनच्या एका अंगाला असतं. हाउसिंग उलथलं की ते दुसऱ्या अंगाला जातं आणि चाकं उलटी फिरतात. आमची गाडी आता पुढचे सगळे गिअर मागे आणि रिव्हर्सचा एक गिअर पुढे, अशी झाली होती. मेस्त्री वर आले, हात पुसले आणि मेहुण्यांच्या खांद्यावर ठेवले. "इषय न्हाई. म्हागं जायला चार गिअर असल्याली गाडी अख्ख्या जिल्ह्यात न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी हाउसिंग सुलटं करून, बैठका कापून, वर वेल्ड करून दुपारच्या जेवणाआधी ते मोकळे झाले. मेहुण्यांनी वाचवलेले दोन दिवस शेण धुण्यात गेले.

रंगाचं प्रकरण फक्त वडीलधाऱ्यांचं. फोटो काळापांढरा, त्यामुळे ज्याला जो आठवेल तो रंग. थोरले चुलते म्हणाले, लाल. आत्या म्हणाल्या, निळा, त्यांच्या लग्नात वऱ्हाड त्या निळ्या गाडीतून गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हिरवा; मी नवी नवरी होते, परसात उभी राहून रोज बघत होते. तीन घरं, तीन रंग, बोलणं जवळजवळ बंद. मग मेस्त्र्यांनी एका रविवारी बॉनेटचा तळहाताएवढा तुकडा पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासला. मी शेजारीच स्टुलावर होतो. आधी चुन्याची पांढरी साय गेली. मग निळा आला. तो विरत विरत कडेला राहिला आणि मध्ये हिरवा उगवला. हिरव्याच्या पोटात लाल, आणि लालच्या पोटात पत्रा. एकात एक अशा चार कड्या, झाडाच्या कापलेल्या बुंध्यासारख्या. सगळ्यांना बोलावून दाखवलं. आत्यांनी निळ्या कडीवर बोट ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत.

मेहुण्यांनी गाडी हिरवी रंगवली. हयात लोकांमध्ये सासूबाईंच्या हातचं जेवण रोज त्यांनाच जेवायचं होतं.

अशाच एका घासण्याच्या रविवारी मी मेस्त्र्यांना मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. माझं कॉलेज औरंगाबादचं, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं मिलिंद महाविद्यालय, नागसेनवनातलं. दोन्ही नावं ज्या पाली ग्रंथातल्या संवादावरून आली तो 'मिलिंदपञ्ह' तिथेच माझ्या कानावर पडला. यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनांना भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, सांगाडा यांपैकी कशाला रथ म्हणायचं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळं मिळून रथ? तेही नाही. मग सगळं वगळून? तेही नाही. तर राजा, तू आलास तो रथ कुठे आहे? रथ हे फक्त एक नाव आहे; सुटे भाग जुळले की आपण ते वापरतो.

मी हे बऱ्यापैकी रंगवून सांगितलं. मेस्त्री पेपर थांबवून ऐकत होते. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत काही तरी उजळलंय.

"साहेब," ते म्हणाले, "त्या राजानं चेसी नंबर बघितला न्हवता."

"म्हणजे?"

"चेसी नंबर म्हंजे गाडी. बाकी समदं वऱ्हाड."

मी दोन हजार वर्षांच्या वतीने काही तरी उत्तर द्यायला हवं होतं. सुचलं नाही.

पण कायद्याचं तत्त्वज्ञान मेस्त्र्यांपेक्षा नागसेनांना जवळचं आहे, हे आम्हाला गाडी पुरी झाल्यावर समजलं. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या खेपेला ५,०००. मेहुण्यांनी हे मोठ्याने वाचलं तेव्हा घरात पेढे आणायची भाषा झाली. मग पुढची ओळ वाचली. गाडी मूळ रूपात असावी. चेसी, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. शिवाय ती व्यापारी वापराची नसावी. व्यापाराचं मेहुण्यांनी झटक्यात निकालात काढलं: "गूळ घरचाच होता." मूळ रूपाचं मात्र आम्ही सगळे उकिरड्याकडे बघत राहिलो.

व्हिंटेज नको, साधीच गाडी म्हणून चालवू म्हटलं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं. कंपनीने जे तपशील देऊन गाडी विकली त्यापेक्षा वेगळं काही होईल असा बदल मालकाने करायचा नाही. आमच्या गाडीत कंपनीने दिलेल्या तपशिलांशी जुळणारं काय काय आहे ते मी एका कागदावर लिहून काढलं. डावं चॅनेल. बॉनेट. फाळका. स्टिअरिंग. 'ए' आणि 'आर'. कागद पोस्टकार्डाएवढा होता, तरी उरला. मी नियमाच्या बाजूचा माणूस आहे आणि मला तो नियम पटतो. चपलेच्या मापाने ओतलेल्या अकरा चकत्यांवर उद्या कुणी पुणे-बंगळूर महामार्गावर ८० च्या वेगाने यावं, अशी माझीही इच्छा नाही. मेहुणे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तेव्हा सध्या ती रस्त्यावर येत नाही. घराच्या सोप्यापासून रानातल्या विहिरीपर्यंत स्वतःच्या मालकीची गाडीवाट आहे, ३०० मीटर. तेवढी ती जाते आणि येते. मधला ओढा नव्या स्लॅबवरून पार करते. म्हैस समोरून आली तर गाडी थांबते. करारात तसं आहे.

पहिल्या फेरीला सासूबाईंना पुढे बसवलं. त्या ८२ वर्षांच्या. एस.टी.च्या सीटवर त्या पदर सावरून बसल्या, खिडकीच्या कडेवरून हात फिरवला, विहिरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मेहुणे उतरून त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले, दहावीचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"आई, मामंजींची गाडी वाटते का?"

सासूबाईंनी थोडा वेळ नाकाने श्वास घेतला. "सगळं झ्याक झालंय रे. पण हिला गुळाचा वास न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मेहुणे गुऱ्हाळावरून रोज दोन रवे हौद्यात घालून विहिरीपर्यंत नेतात आणि तसेच परत आणतात. मुंग्यांची फेरी मोफत.

आता फक्त एक काम राहिलंय. बॉनेटच्या नाकावर 'ए' आणि 'आर' मूळचे होतेच. 'जी' आणि 'ओ' आम्ही बाभळीखालच्या डॉजच्या नाकावरून काढून आणले. भावाचंच घर, अक्षरं एकाच वळणाची, बेमालूम बसली. पण इंग्रजी 'डॉज'मध्ये 'एफ' नाही. डिसोटोतही नाही. त्यामुळे गाडीच्या तोंडावर आज 'आर्गो' आहे आणि पोरं तिला त्याच नावाने हाक मारतात. मेस्त्री म्हणाले, "एक 'एफ' काय, सांगाल तर अख्खी एबीसीडी पितळेत ओतून क्रोम करून देतो." इंजिन वडापचं, हाउसिंग जीपचं, सीट एस.टी.चं, अकरा भाग चपलेचे, हे सगळं हसत हसत घेतलेल्या मेहुण्यांनी तिथे मात्र कानांवर हात ठेवले. नकली त्यांना चालणार नाही.

तरी वाचकांना विनंती. आपल्या किंवा शेजारच्या खुराड्यावर, गोठ्यावर, साकवावर फार्गोचा 'एफ' आढळल्यास या मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. फोर्डचा पाठवू नये. दोन आलेले आहेत.